विनोदी नट, दिग्दर्शक आणि बाप : मेहमूद यांची कारकीर्द

१९७४ साली 'कुंवारा बाप' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचे नायक आणि दिग्दर्शक मेहमूद हे हिंदी पडद्यावरील अत्यंत लोकप्रिय विनोदी नट होते. त्यांचे नाव भित्तिपत्रकावर दिसले, की प्रेक्षक हसण्याच्या तयारीनेच चित्रपटगृहात येत असे. त्या प्रेक्षकासमोर मेहमूद यांनी एका रिक्षावाल्याची गोष्ट ठेवली. देवळात कुणीतरी सोडून गेलेले तान्हे मूल या अविवाहित माणसाच्या गळ्यात पडते. ते परत सोपवण्याची खटपट करता करता त्याला त्याचा लळा लागतो आणि पुढे त्या मुलाला पोलिओ होतो. पोलिओग्रस्त मुलाची भूमिका करणारा मकदूम अली, ज्याला सारे मॅकी म्हणत, हा मेहमूद यांचा मुलगा होता आणि त्याला प्रत्यक्षातही पोलिओ झालेला होता.

स्वतःच्या घरातील दुःख पडद्यावर आणण्याचे धाडस फार थोड्या कलावंतांनी केले आहे. ते करणारा माणूस पोट धरून हसवणारा नट असावा, ही गोष्ट आजही विचार करायला लावते. मेहमूद यांची संपूर्ण कारकीर्द पाहिली, तर मात्र त्यात आश्चर्य वाटण्यासारखे फारसे काही राहत नाही. वडील, बहीण, भाऊ आणि मुले यांच्यापासून त्यांचा चित्रपट कधी फार दूर गेलाच नाही. यातून त्यांना यश मिळाले आणि पुढे अपयशही मिळाले.

नर्तकाचे घर

मेहमूद यांचा जन्म २९ सप्टेंबर १९३२ रोजी मुंबईत झाला. वडील मुमताज अली हे नर्तक आणि नट. मालाडच्या 'बॉम्बे टॉकीज' या प्रख्यात संस्थेच्या चित्रपटांतून त्यांची नृत्ये गाजली होती आणि त्यांचे स्वतःचे नृत्यपथकही होते. घरात आठ भावंडे. याच संस्थेच्या १९४३ सालच्या 'किस्मत' या चित्रपटात अशोक कुमार यांच्या पात्राचे बालपण रंगविण्याची संधी लहानग्या मेहमूद यांना मिळाली. 'किस्मत'ने त्या काळी लोकप्रियतेचे विक्रम केले; पण त्यामुळे या मुलाचे नशीब उघडले असे झाले नाही. वडिलांचे उत्पन्न घटत गेले आणि मोठ्या होत चाललेल्या मुलाला मिळेल ते काम करावे लागले. कोंबड्या आणि अंडी विकणे, मोटार चालविणे, असे अनेक उद्योग त्यांनी केले. दिग्दर्शक आणि गीतकार प्यारेलाल संतोषी यांचे मोटारचालक म्हणून त्यांनी काही काळ नोकरी केली. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

घराला हातभार लावण्यासाठी त्यांची बहीणही नृत्याकडे वळली. मिनू मुमताज या नावाने ती हिंदी चित्रपटांत प्रसिद्ध झाली; 'नया दौर', 'चौदहवीं का चाँद', 'साहिब बीबी और गुलाम' या चित्रपटांतील तिची नृत्ये रसिकांच्या स्मरणात आहेत. १९५८ सालच्या 'हावडा ब्रिज'मध्ये तर एका शृंगारिक गीतात मेहमूद आणि मिनू हे सख्खे बहीण-भाऊच समोरासमोर आले. ते नाते ठाऊक असलेल्या प्रेक्षकांना हे रुचले नाही आणि त्यावर बरीच टीका झाली. पोटासाठी नाचणाऱ्या कुटुंबाला अशा निवडीची चैन परवडत नसते, हे त्या टीकाकारांच्या लक्षात आले नसावे.

मेहमूद यांच्या घराला दुसरा एक मोठा दुवा लग्नाने जोडला गेला. मीना कुमारी यांना टेबल टेनिस शिकविण्याच्या निमित्ताने त्यांचा त्या घरात प्रवेश झाला आणि पुढे मीना कुमारी यांची बहीण मधू हिच्याशी त्यांचा विवाह झाला. एवढ्या मोठ्या अभिनेत्रीचे मेहुणे असूनही १९५० च्या दशकात त्यांच्या वाट्याला आलेल्या भूमिका किरकोळच होत्या. 'दो बिघा जमीन'मध्ये (१९५३) ते ओझरते दिसतात, 'सी. आय. डी.'मध्ये (१९५६) ते मारेकरी आहेत, तर 'प्यासा'मध्ये (१९५७) कवी विजयला घरातून हुसकून लावणाऱ्या भावांपैकी एक. या भूमिका आज पाहिल्या, तर हाच नट पुढे देशाला हसविणार आहे असा संशयही येत नाही. १९५८ च्या 'परवरिश'मध्ये राज कपूर यांच्या भावाची मोठी भूमिका मिळाली आणि तेथून दिवस पालटले.

विनोदाचा स्वतंत्र रूळ

त्या काळच्या हिंदी चित्रपटात, विशेषतः मद्रासच्या निर्मात्यांनी काढलेल्या कौटुंबिक चित्रपटांत, विनोदी नटासाठी एक स्वतंत्र उपकथानक असे. नायक-नायिकेची अश्रूंनी भिजलेली मुख्य कथा एकीकडे चाले आणि मधूनमधून दुसऱ्या रुळावर विनोदी जोडप्याची कथा येई. या जोडप्याला स्वतःची नायिका, स्वतःची गाणी, स्वतःचा खाष्ट बाप आणि स्वतःचा सुखान्त शेवट मिळे. मुख्य कथेशी या साऱ्याचा संबंध बेताचाच असला तरी वितरक या भागासाठी आग्रह धरीत, कारण तोच भाग पाहण्यासाठी प्रेक्षक पुन्हा तिकीट काढतो असा त्यांचा अनुभव होता.

या रुळावर मेहमूद यांची गाडी धावली ती दोन मराठी कलावंतांच्या सोबतीने. नायिका शुभा खोटे आणि तिचा बाप धुमाळ. 'छोटी बहन' (१९५९), 'ससुराल' (१९६१), 'जिद्दी' (१९६४) अशा चित्रपटांतून हे त्रिकूट जमले. धुमाळ यांचा मराठी रंगभूमीवर घोटलेला संवादाचा ताल, शुभा खोटे यांचा बिनधास्त वावर आणि मेहमूद यांची अंगाखांद्याची लवचीकता यांचे मिश्रण असे काही बसले, की प्रेक्षक मूळ कथा विसरून या तिघांच्या पुढच्या प्रवेशाची वाट पाहत. नर्तकाच्या मुलाला शरीर कसे वापरावे हे शिकवावे लागले नव्हते. मेहमूद यांचा विनोद शब्दांपेक्षा चालण्यात, मान वेळावण्यात, धावता धावता अचानक थांबण्यात अधिक आहे.

'दिल तेरा दीवाना' (१९६२) या चित्रपटासाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्याचे 'फिल्मफेअर' पारितोषिक मिळाले. पुढे या पारितोषिकांत विनोदी अभिनयाचा वेगळा विभाग सुरू झाला, तेव्हा १९६६ सालच्या 'प्यार किये जा'साठी पहिला मान त्यांनाच लाभला. 'वारिस', 'पारस' आणि 'वरदान' या चित्रपटांसाठीही हे पारितोषिक त्यांच्याकडे आले. काही चित्रपटांत त्यांचे मानधन नायकापेक्षा अधिक असे आणि काही नायक त्यांच्यासोबत काम करण्यास बिचकत, असे त्या काळातील लोक सांगत आले आहेत. १९७० च्या 'हमजोली'मध्ये तर त्यांनी आजोबा, बाप आणि मुलगा अशा तीन भूमिका करून पृथ्वीराज, राज आणि रणधीर या कपूर घराण्याच्या तीन पिढ्यांची हुबेहूब नक्कल केली. चित्रपटांतील घराणेशाहीवर इतके खेळकर भाष्य त्यापूर्वी क्वचितच झाले असेल.

निर्माता होण्याची घाई

एवढी मागणी असताना निर्मितीच्या आर्थिक जोखमीत पडण्याची गरज काय, हा प्रश्न कुणालाही पडेल. याचे उत्तर त्याच रुळात दडलेले आहे. उपकथानक कितीही गाजले तरी ते उपकथानकच. चित्रपट कुणाचा, हे ठरविण्याचा अधिकार विनोदी नटाकडे नसे. संकलनात कात्री चालवायची वेळ आली, की पहिला बळी त्याच्याच प्रवेशांचा. मेहमूद यांना चित्रपटाच्या मध्यभागी उभे राहायचे होते आणि ती जागा दुसरा कुणी देईल अशी चिन्हे नव्हती.

१९६१ साली त्यांच्या घरच्या निर्मितीचा 'छोटे नवाब' पडद्यावर आला आणि त्यात ते नायक झाले. संगीतासाठी ते सचिनदेव बर्मन यांच्याकडे गेले होते. ते मोकळे नव्हते. तेथे तबला वाजवीत बसलेल्या त्यांच्या मुलाला मेहमूद यांनी हे काम देऊन टाकले, असा किस्सा सांगितला जातो. किस्सा कसाही असो, राहुलदेव बर्मन यांचे संगीत असलेला पहिला प्रदर्शित चित्रपट 'छोटे नवाब' हाच होय. चार वर्षांनी 'भूत बंगला'द्वारे (१९६५) मेहमूद यांनी दिग्दर्शनात पाऊल टाकले. तनुजा नायिका होत्या. भय आणि हास्य यांची भेळ करणाऱ्या या चित्रपटात राहुलदेव यांनी संगीत तर दिलेच, शिवाय एक विनोदी भूमिकाही केली. मन्ना डे यांनी गायिलेले त्यातील ट्विस्ट नृत्याचे गीत आजही ऐकले जाते. दिग्दर्शन म्हणून चित्रपट विस्कळीत आहे. भुताटकीचे प्रसंग एका तालात आणि विनोद दुसऱ्या तालात चालतो. परंतु गाण्यांच्या चित्रीकरणात दिग्दर्शकाला नेमके काय हवे आहे ते कळते.

'प्यार किये जा'मधील त्यांची भूमिका येथे मुद्दाम आठवावी. बापाच्या पैशावर चित्रपट काढण्याची स्वप्ने पाहणारा, 'वाह वाह प्रॉडक्शन्स' नावाची संस्था थाटून बसलेला तरुण त्यांनी त्यात रंगविला. आपल्या भावी भयपटाची कथा तो वडिलांना, म्हणजे ओम प्रकाश यांना, आवाज आणि हातवारे यांच्या साह्याने ऐकवतो आणि ऐकता ऐकता वडिलांची बोबडी वळते. हा प्रवेश हिंदी चित्रपटांतील विनोदाचा एक मानदंड समजला जातो. नुकताच 'भूत बंगला' काढून झालेल्या माणसाने भयपटाच्या निर्मात्याची टर उडवावी, यात स्वतःकडे पाहून हसण्याची शक्ती दिसते.

१९६८ चा 'पडोसन' हे निर्माता म्हणून त्यांचे सर्वोत्तम काम. 'पाशेर बाडी' या बंगाली चित्रपटावर आधारलेला हा चित्रपट त्यांनी एन. सी. सिप्पी यांच्यासोबत काढला आणि दिग्दर्शन ज्योती स्वरूप यांच्याकडे सोपविले. सुनील दत्त भोळा नायक, सायरा बानू शेजारीण, किशोर कुमार नायकाला उसना आवाज देणारा गुरू आणि स्वतः मेहमूद दाक्षिणात्य संगीतशिक्षक. सोबत ओम प्रकाश, केश्टो मुखर्जी आणि मूळचे उरणचे मुकरी. पूर्वी काम मागायला गेलेल्या मेहमूद यांना किशोर कुमार यांनी आपल्याच स्पर्धकाला संधी कशी देऊ, असे गमतीने विचारले होते आणि मी चित्रपट काढीन तेव्हा तुम्हाला नक्की घेईन, असे उत्तर त्यांना मिळाले होते, अशी आख्यायिका आहे. 'पडोसन'मध्ये ते वचन पाळले गेले. गाण्याच्या जुगलबंदीत निर्मात्याने स्वतःकडे पराभूताची भूमिका ठेवली आणि बाजी किशोर कुमार यांना मारू दिली. पुढे स्वतःच्या चित्रपटांत हा संयम त्यांना सदैव राखता आला नाही.

दक्षिणेचे ऋण

'पडोसन'मधील शेंडीवाल्या मास्टरजींविषयी आज वेगळ्या दृष्टीनेही बोलले जाते. हिंदीचे उच्चार वाकडे करणारा, लुंगी सावरणारा 'मद्रासी' हा साचा हिंदी चित्रपटांत रूढ होण्यास या भूमिकेचा हातभार लागला, हा आक्षेप रास्त आहे. 'गुमनाम'मधील (१९६५) त्यांचा हैदराबादी बोलीतील खानसामा हा त्या मानाने अधिक जिवंत; त्याच्या बोलीत थट्टा आहे, तसा त्या बोलीचा आनंदही आहे.

मात्र या प्रकरणाला दुसरी बाजू आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. मेहमूद यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग दक्षिणेवरच, त्यातही एका तमिळ नटावर उभा आहे. त्याचे नाव नागेश. 'प्यार किये जा'ची मूळ भूमिका 'कादलिक्क नेरमिल्लै'मध्ये नागेश यांनी केली होती. 'मैं सुंदर हूँ' (१९७१) हा नागेश यांच्या 'सर्व्हर सुंदरम'चा अवतार. 'लाखों में एक' (१९७१) म्हणजे 'एदिर नीच्चल', 'दो फूल' (१९७३) म्हणजे 'अनुबवी राजा अनुबवी' आणि 'बॉम्बे टू गोवा' (१९७२) म्हणजे 'मद्रास टू पाँडिचेरी'. हे सारे चित्रपट तमिळमध्ये नागेश यांनी गाजविले होते. विनोदी नटाला नायक करण्याची हिंमत तमिळ चित्रपटाने आधी दाखविली आणि हिंदीत तो मार्ग मेहमूद यांनी चोखाळला. सामान्य रूपाचा, गरीब, दुसऱ्यांच्या दयेवर जगणारा आणि आतून दुखावलेला विदूषक त्यांना तेथेच सापडला. 'कुंवारा बाप'मधील रिक्षावाला याच कुळातला आहे आणि त्यात मनोरमा या ज्येष्ठ तमिळ अभिनेत्रीला त्यांनी आवर्जून भूमिका दिली.

'बॉम्बे टू गोवा'ची बस

मुंबईहून गोव्याकडे निघालेली एक बस आणि तीतील नमुनेदार प्रवासी, एवढ्या भांडवलावर 'बॉम्बे टू गोवा' उभा आहे. कोकणातून जाणाऱ्या त्या रस्त्याने प्रवास केलेल्या कुणालाही यातील माणसे ओळखीची वाटतील. एस. रामनाथन यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे निर्माते पुन्हा मेहमूद आणि सिप्पी. बसचा चालक राजेश आणि वाहक खन्ना, ही त्या वेळच्या सर्वांत मोठ्या नायकाच्या नावाची फोड करून केलेली गंमत. वाहक मेहमूद आणि चालक त्यांचा धाकटा भाऊ अन्वर अली.

अन्वर अली यांच्यामुळेच या कुटुंबात आणखी एक तरुण येऊन राहिला होता. १९६९ च्या 'सात हिंदुस्तानी'मध्ये अन्वर यांच्यासोबत पदार्पण करणारे अमिताभ बच्चन हे मुंबईतील सुरुवातीच्या दिवसांत मेहमूद यांच्या घरी आश्रयाला होते. त्यांचे चित्रपट एकामागून एक कोसळत असताना मेहमूद यांनी त्यांना 'बॉम्बे टू गोवा'मध्ये नायक केले. त्यातील हाणामारीच्या एका प्रसंगाने सलीम-जावेद या लेखकद्वयाचे लक्ष वेधले आणि 'जंजीर'साठी (१९७३) त्यांनी अमिताभ यांचे नाव सुचविले, असे जावेद अख्तर यांनी सांगितले आहे.

येथे दैवगतीचा एक विचित्र फेरा दिसतो. 'जंजीर'नंतर जो संतप्त नायक आला, त्याने काही वर्षांतच विनोदही आपल्याकडे घेतला. 'अमर अकबर अँथनी'मध्ये (१९७७) आरशासमोर स्वतःशी बडबडणारा मद्यधुंद अँथनी हा पूर्वी विनोदी नटाच्या वाट्याला आला असता. नायकच हसवू लागल्यावर स्वतंत्र रुळाची गरज राहिली नाही. मेहमूद यांनी ज्याला आधार दिला, त्याच्याच यशात त्यांच्या पेशाचा ऱ्हास दडलेला होता. कुणाचा दोष म्हणावा असे यात काही नाही; चित्रपटाची घडणच बदलली.

'कुंवारा बाप' आणि पोलिओ

या बदलाच्या उंबरठ्यावर 'कुंवारा बाप' उभा आहे. त्याची कथा चार्ली चॅप्लिन यांच्या १९२१ सालच्या 'द किड'ची आठवण करून देते. रांगडे विनोद, लांबलेले प्रवेश आणि पाहुण्या कलाकारांची गर्दी यांमुळे तो अधूनमधून भरकटतोही. राहुलदेवांप्रमाणेच आणखी एका संगीतकाराच्या मुलाला मेहमूद यांनी यात पहिली संधी दिली. रोशन यांचे चिरंजीव राजेश रोशन यांचा संगीतकार म्हणून हा पहिला चित्रपट. त्यातील अंगाईगीत घरोघरी पोहोचले. तृतीयपंथीयांच्या समूहावर चित्रित केलेले आणि मोहंमद रफी यांनी गायिलेले गीतही गाजले. ज्यांच्याकडे चित्रपट केवळ चेष्टेच्या नजरेने पाहत आला, त्यांना बाळाच्या घरी आशीर्वाद देणाऱ्यांच्या रूपात येथे स्थान मिळाले.

पण चित्रपटाचा प्राण बाप आणि मुलगा यांच्या प्रसंगांत आहे. मॅकीच्या चालण्यात अभिनय नाही आणि त्याच्याकडे पाहणाऱ्या मेहमूद यांच्या चेहऱ्यावरील भावातही तो फारसा नसावा. मुलाला वेळेवर लस मिळाली असती तर, ही रुखरुख कथेतून वारंवार डोकावते.

तिचे महत्त्व कळण्यासाठी तो काळ लक्षात घ्यायला हवा. पोलिओचा विषाणू दूषित पाणी किंवा अन्नावाटे तोंडातून शरीरात शिरतो, आतड्यात वाढतो आणि सुमारे दोनशे संसर्गांपैकी एकात मज्जासंस्थेवर हल्ला करून कायमचे अपंगत्व आणतो. बहुतेकदा बळी पडतात ती पाच वर्षांखालील मुले. एकदा पक्षाघात झाला, की त्यावर इलाज नाही; प्रतिबंध हाच उपाय. जोनास सॉल्क यांची टोचण्याची लस १९५५ मध्ये आणि त्यानंतर काही वर्षांत अल्बर्ट साबिन यांची तोंडावाटे द्यायची लस उपलब्ध झाली होती. पण भारतातील सर्वसामान्य कुटुंबापर्यंत ती पोहोचविणारी यंत्रणा नव्हती. १९७४ साली देशाची आरोग्ययंत्रणा देवीच्या साथीशी झुंजत होती. त्या वर्षी बिहारमध्ये देवीचा मोठा उद्रेक झाला होता. बालकांसाठी विस्तारित लसीकरण कार्यक्रम भारतात सुरू झाला तो १९७८ मध्ये आणि पोलिओची लस त्यात पुढच्या वर्षी आली. म्हणजे सरकारी कार्यक्रमाच्या चार वर्षे आधी एक विनोदी नट तिकीटबारीवरून हा विषय सांगत होता. पोलिओ म्हणजे पूर्वजन्मीचे पाप किंवा दैवी कोप मानणाऱ्या समाजात, हा टाळता येण्याजोगा आजार आहे एवढे सांगणे हीच मोठी गोष्ट होती.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९९५ च्या डिसेंबरात देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. मुंबईतील परळच्या हाफकिनमधून लशीचे डोस मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले. २००० नंतरच्या दशकात दोन थेंबांचे आवाहन घरोघरी पोहोचविणारा चेहरा होता अमिताभ बच्चन यांचा, ज्यांनी उमेदवारीचे दिवस मॅकीच्या वडिलांच्या घरी काढले होते. देशातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

एक बाप, सहा मुलगे

'कुंवारा बाप'च्या यशातून मेहमूद यांनी एक निष्कर्ष काढला आणि तो त्यांना महागात पडला. घर पडद्यावर आणले की प्रेक्षक आपला होतो, असे त्यांना वाटू लागले असावे. १९७६ मध्ये 'जिनी और जॉनी' आला. १९७८ मध्ये तर 'एक बाप छे बेटे' या नावाचाच चित्रपट त्यांनी काढला आणि त्यात आपल्या सहाही मुलांना पडद्यावर आणले. पहिल्या विवाहाची मुले आणि ट्रेसी या अमेरिकन पत्नीपासून झालेली मुले, अशी ही सहा भावंडे. बापाच्या दृष्टीने हा आनंदसोहळाच होता. प्रेक्षकाला मात्र त्यात आपले काही सापडले नाही. 'कुंवारा बाप'मध्ये मॅकीचे दुःख हजारो घरांचे दुःख होते. 'एक बाप छे बेटे' हा एका घराचा छायाचित्रसंग्रह झाला.

त्यानंतर आलेल्या 'जनता हवलदार'मध्ये (१९७९) राजेश खन्ना होते. बसच्या चालक-वाहकांत ज्यांच्या नावाची गंमत केली होती, ते आता खुद्द मेहमूद यांच्या दिग्दर्शनात काम करीत होते. पण दोघांचाही बहर ओसरत चालला होता. पुढील दशकात मेहमूद यांचे पडद्यावरील दर्शन विरळ झाले. बंगळुरूजवळची शेती आणि घोडे यांत त्यांनी मन रमविले. प्रकृतीही साथ देईनाशी झाली.

१९९४ च्या 'अंदाज अपना अपना'मध्ये ते एका छोट्या भूमिकेत दिसले. त्यातील पात्र चालवीत असलेल्या संस्थेचे नाव 'वाह वाह प्रॉडक्शन्स'. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या 'प्यार किये जा'ला दिग्दर्शकाने केलेला हा मुजरा होता. तो दिग्दर्शक म्हणजे राजकुमार संतोषी, ज्यांच्या वडिलांची मोटार एके काळी मेहमूद चालवीत असत. चित्रपट प्रदर्शनाच्या वेळी फारसा चालला नाही. आज मात्र त्यातील संवाद तरुणांना तोंडपाठ असतात.

दोनच वर्षांनी त्यांनी अखेरचा डाव मांडला. 'दुश्मन दुनिया का' (१९९६) हा अमली पदार्थांच्या व्यसनाविषयीचा चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. महाविद्यालयात व्यसनाच्या जाळ्यात सापडून स्वतःचे घर उद्ध्वस्त करणाऱ्या मुलाची प्रमुख भूमिका मंजूर अली या आपल्या मुलाला दिली. आई-वडील होते सुमलता आणि जितेंद्र. शाहरुख खान आणि सलमान खान हे त्या वेळचे मोठे तारे ज्येष्ठ कलावंताचा मान राखून पाहुणे म्हणून आले. विषय पुन्हा एकदा निकडीचा होता आणि तळमळही खरी होती. पण सांगण्याची पद्धत वीस वर्षे मागची राहिली होती. धोक्याची घंटा इतक्या मोठ्याने वाजत राहते, की त्या मुलाच्या मनात काय चालले आहे ते ऐकूच येत नाही. चित्रपट कोसळला आणि मंजूर यांची कारकीर्द उभी राहिली नाही.

त्या चित्रपटात नशेवरचे एक गाणे दुसऱ्या मुलाने गायिले आहे. मकसूद, म्हणजेच लकी अली. बालपणी 'छोटे नवाब'मध्ये आणि पुढे श्याम बेनेगल यांच्या गोव्याच्या पार्श्वभूमीवरील 'त्रिकाल'मध्ये (१९८५) दिसलेला हा मुलगा अभिनयात रमला नव्हता. बापाचा अखेरचा चित्रपट पडला, त्याच १९९६ साली लकी अली यांचा 'सुनो' हा ध्वनिसंग्रह आला आणि त्यांचा थोडासा खरखरीत, भटक्या आवाज देशभर पोहोचला. त्यासाठी त्यांना वडिलांच्या चित्रपटाची गरज लागली नाही.

मेहमूद यांचे २३ जुलै २००४ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात झोपेतच निधन झाले. हृदयविकारावरील उपचारांसाठी ते तेथे गेले होते. मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत चाहत्यांनी त्यांना आदरांजली वाहिली. त्यांच्या पश्चात वर्षभरात हनीफ झवेरी यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त २०१३ मध्ये टपाल खात्याने काढलेल्या पन्नास कलावंतांच्या तिकिटांत मेहमूद यांच्या नावाचे तिकीटही होते.